दहा गजांना तीन इंच कमी

वेदर्ली कॉलेजच्या मैदानावर डेल्मर क्राउस चौतीस वर्षं साखळी धरून उभा राहिला आणि तेवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही साधं 'वा' किंवा 'अरेरे' निघालं नाही. साखळीवाल्याने ओरडायचं नसतं. तो गावचाच असतो, त्याच्या बायकोने स्वतःच्या स्वेटरवर गावच्या संघाचा निळा बगळा विणलेला असतो, पण केशरी जाकीट अंगावर चढलं की तो कोणाचाच नसतो. बगळे जिंकले तरी चेहरा तोच, हरले तरी तोच. डेल्मरला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरातही त्याच्याकडून मत काढणं अवघड झालं होतं. ॲपल पाय चांगला झालाय की पीकनच्या दाण्यांचा, असं बायकोने, ग्लेंडाने, विचारलं की तो दोन्ही ताटल्या संपवायचा आणि म्हणायचा, "पंच ठरवतील."

"पंच हात वर करून गेले," ग्लेंडा म्हणायची. "आता भांडी घास."

आमच्याकडचा, म्हणजे अमेरिकेतला, फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात आणि त्यात धडका फार. चार प्रयत्नांत चेंडू दहा गज पुढे नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. ते दहा गज झाले की नाही याची शंका आली की पंच मैदानाच्या कडेला हात करतो आणि दोन केशरी दांड्यांना बांधलेली दहा गजांची साखळी घेऊन दोघं जण आत धावत जातात. मागचा दांडा डेल्मरचा मेहुणा हार्लन धरायचा, पुढचा डेल्मर. साखळी ताणायची, चेंडूचं नाक दांड्याच्या पुढे गेलंय का ते पाहायचं. तेवढा वेळ चार हजार माणसं श्वास रोखून बसतात.

आणि याच गोष्टीवर डेल्मरचा आयुष्यभर राग होता. अठरा-वीस दांडगट पोरं एकमेकांवर कोसळतात, त्या ढिगाखाली कुठेतरी चेंडू असतो. पंच पळत येतो, ढिगाकडे बघतो आणि साधारण इथेच कुठेतरी पडला असेल म्हणून पाय रोवतो, चेंडू तिथे ठेवतो. अंदाजपंचे. आणि मग दोन म्हातारे साखळी घेऊन येतात आणि ते अंदाजाचं ठिकाण नखाएवढ्या फरकाने मोजतात. हे त्याने मैदानावर कधी बोलून दाखवलं नाही. घरी मात्र दर रविवारी, न्याहारीच्या वेळी, ग्लेंडाला ऐकवलं. तिला ते भाषण पाठ होतं.

एरवी डेल्मर ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याने एखादा नट 'घट्ट बसला' म्हटलं की तो बसलेला असायचा. सामन्याआधी पंचांनी साखळी तपासून घ्यायची असा नियम आहे, पण इथे येणारा प्रत्येक पंच फक्त एवढंच विचारायचा, "साखळी ठीक ना, डेल्मर?" डेल्मर "ठीक," म्हणायचा आणि तपासणी संपायची. या एका शब्दाचा त्याला मनातून फार अभिमान होता. तसं त्याने कबूल केलं नसतं, पण होता.

आता बारा वर्षांपूर्वीचा तो सामना. चाळीस मैलांवरच्या सेंट ओडिल कॉलेजच्या संघाला सगळे 'संत' म्हणतात. बगळे आणि संत दरवर्षी ऑक्टोबरात भिडतात आणि त्याआधी सलग एकोणीस वर्षं संतांनी बगळ्यांची पिसं काढली होती. त्या दिवशी शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा संत वीस, बगळे सतरा. बगळ्यांचा चौथा प्रयत्न, एक गज हवा. चेंडू घेऊन पळणारा पोरगा आपल्याच सोबत्याच्या टाचेला अडखळला आणि तोंडावर आपटला. नशीब असं की तो पुढच्या बाजूला आपटला. ढीग, पंचाचा अंदाज, आणि साखळी आत.

चेंडूचं नाक दांड्याच्या दोन इंच पुढे होतं.

त्यानंतरचा प्रकार तर आणखीच भारी. बगळ्यांच्या कप्तानाने चेंडू ज्याला फेकायचा त्याच्याऐवजी भलत्यालाच फेकला, तो संतांच्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि मागून उशिरा पोहोचलेल्या बगळ्याच्या कवेत अलगद पडला. टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण. तेवीस-वीस. तीन चुका आणि दोन इंच, एवढ्यावर गाव आठवडाभर झोपलं नाही. डेल्मर मात्र दांडा धरून सरळ उभा होता. घरी जाऊन गॅरेजचं दार आतून लावून तो एकदा नाचला, असं ग्लेंडा सांगते. तो नाकारतो.

मेन स्ट्रीटवरच्या बेव्ह हॉलिस्टरने त्या सोमवारी आपल्या खानावळीत दोन इंच जाडीचा पॅनकेक सुरू केला. नाव 'दोन इंच'. तो अजून चालतो. परगावचं कोणी आलं की बेव्ह आधी पॅनकेक वाढते, मग गोष्ट सांगते, आणि गोष्टीत डेल्मरचा हात साखळी ताणताना अजिबात थरथरला नाही, हे न चुकता सांगते.

यंदा डेल्मर एकाहत्तर वर्षांचा झाला. पळताना गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा त्याने दांडा खाली ठेवायचं ठरवलं. कॉलेजने नवी साखळी आणली. जुनी साखळी संतांशी होणाऱ्या सामन्याच्या मध्यंतरात डेल्मरच्याच हस्ते कॉलेजच्या दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवायची, त्याने माइकवर दोन शब्द बोलायचे, असं ठरलं. कार्डही छापून झालं होतं: 'दोन इंचांची साखळी'.

सामन्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी डेल्मरने ती साखळी तेल देऊन चकचकीत केली आणि शेडसमोरच्या फरशीवर वाळायला ताणून ठेवली. हातात टेप होती, कारण ग्लेंडाला खिडकीचं माप हवं होतं. जाता जाता, निव्वळ हौस म्हणून, त्याने टेप साखळीला लावली.

एकोणतीस फूट नऊ इंच. दहा गज म्हणजे तीस फूट.

त्याने पुन्हा लावली. दुसरी टेप आणली. मग गुडघे टेकून साखळीवरून बोट फिरवत गेला आणि एका जागी बोट थांबलं. तिथली एक कडी बाकीच्यांपेक्षा चकचकीत होती. जोडकडी. त्याने स्वतः घातलेली.

त्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मैदानाचं गवत कापणारं यंत्र साखळीवरून गेलं होतं. चार कड्या चेपल्या. डेल्मरने त्या कापून काढल्या, दोन टोकं एका जोडकडीने जोडली, ओढून पाहिली, घट्ट बसली. ग्लेंडाने जेवायला हाक मारली आणि तो हात धुऊन आत गेला. कडी एक इंचाची. चार काढल्या, एक घातली. तेव्हा मोजायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पंचाने विचारलं, "साखळी ठीक ना, डेल्मर?" आणि तो म्हणाला, "ठीक."

शेडमध्ये कॉफीच्या जुन्या डब्यात त्या चार कड्या अजून होत्या. डेल्मर काही फेकत नाही. डबा मांडीवर घेऊन तो बादलीवर बसला आणि हिशेब करू लागला. खरी साखळी असती तर चेंडू दांड्याच्या एक इंच मागे राहिला असता. चेंडू संतांचा, सामना संतांचा. बारा वर्षं गाव ज्यावर नाचतंय ते त्याच्या हातून झालेलं खोटं माप होतं.

हार्लनला फोन केला, तो दहा मिनिटांत आला. त्याने साखळी पाहिली, टेप पाहिली आणि टेपच उचलून खिशात घातली.

"तू काही मोजलेलं नाहीस," हार्लन म्हणाला.

"मोजलंय, हार्लन."

"बारा वर्षं झाली. कपाटात ठेव, कुलूप लाव, मोकळा हो. काचेतून कोण टेप लावणार आहे?"

"मी माइकवर काय बोलू मग?"

"थँक यू म्हण आणि खाली उतर. तसंही तुला दोन शब्दांपलीकडे कधी बोलता आलंय?" मग त्याचा आवाज उतरला. "अरे, मागचा दांडा माझ्या हातात होता. माझ्या नातवंडांना हीच एक गोष्ट येते माझी. ती पण काढून घेणार तू?"

हार्लन टेप घेऊन निघून गेला आणि नंतर त्याने फोनही उचलला नाही.

ग्लेंडा शनिवारच्या स्टॉलसाठी बीरॉक भरत होती. कोबी आणि खिमा पावाच्या पिठात गुंडाळता गुंडाळता तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुला काय वाटतं?" डेल्मरने विचारलं.

"पंच ठरवतील," ती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिला वाईट वाटलं. पिठाचे हात तिने एप्रनला पुसले. "हे बघ, तुला गप्प बसता येतं, हे मी चाळीस वर्षं बघतेय. पण खोटं गप्प बसता येत नाही तुला. जेवण जात नाही मग. आधी त्या माणसाकडे जा, ज्याचं गेलं."

ज्याचं गेलं तो माणूस म्हणजे संतांचा तेव्हाचा कोच, व्हर्नन टिलमन. त्या हारीनंतरच्या वसंतात त्याने कोचगिरी सोडली होती. आता सेंट ओडिलच्या बाहेर तो भोपळे पिकवतो, एवढं डेल्मरला ऐकून माहीत होतं. गुरुवारी सकाळी त्याने ग्लेंडाने बांधून दिलेले सहा बीरॉक आणि कॉफीचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी काढली. चाळीस मैल त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि पोहोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

टिलमन शेतात एका अवाढव्य भोपळ्याखाली गवत सारत होता. त्याने मान वर केली.

"तुला कुठेतरी पाहिलंय मी."

"वेदर्लीत. पुढचा दांडा."

टिलमनचा चेहरा आक्रसला. "विसरेन कसा. काय विकायला आलायस?"

डेल्मरने बीरॉकची पुडी त्याच्या हातात दिली, डबा उघडून चार चेपलेल्या कड्या भोपळ्यावर मांडल्या आणि सगळं सांगून टाकलं. यंत्र, जोडकडी, जेवणाची हाक, टेप. "तुम्ही जिंकला होतात, कोच," तो शेवटी म्हणाला. "माझ्यामुळे हरलात. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही."

टिलमनने टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्याने विचारलं, "त्या सामन्यात साखळी किती वेळा आत आणलीत?"

"तीन वेळा." डेल्मर आठवू लागला. "तिसऱ्या सत्रात एकदा, ते फूटभर कमी होतं, त्यात काही नाही. शेवटची ती. आणि पहिली दुसऱ्या सत्रात..."

"पहिली कोणाची?"

डेल्मर थांबला. मंगळवारपासून तो त्या शेवटच्या दोन इंचांनी इतका पछाडला होता की हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तुमची," तो म्हणाला.

"आमची. एका इंचाने मिळाली होती. मी त्या इंचाचा मुका घ्यायला निघालो होतो." टिलमनने एक कडी उचलून डोळ्यासमोर धरली. "म्हणजे खरी दोन इंच कमी. आणि त्यानंतर दोनच प्रयत्नांत आम्ही टचडाउन केला. वरच्या किकसह सात गुण. म्हणजे ते सात गेले, राहिले तेरा. तुम्ही सतरा."

दोघं भोपळ्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. मग टिलमन हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी त्याला भोपळ्याचा आधार घ्यावा लागला.

"बारा वर्षं," तो डोळे पुसत म्हणाला, "बारा वर्षं मी त्या दोन इंचांना शिव्या घालतोय. बायको पळून जायची बाकी राहिली. आणि तू सांगतोयस की तुझी साखळी बरोबर असती तर मी ऐटीत हरलो असतो."

"तसं सांगता येत नाही," डेल्मर म्हणाला. त्याला मापात चूक चालायची नाही. "ते सात नसते तर पुढचा सगळा खेळच वेगळा झाला असता."

"तेच तर." टिलमनचं हसू ओसरलं. तो खाली बसला आणि एक बीरॉक सोडवू लागला, पण खाल्लं नाही. "माझा चोपन्न नंबरचा पोरगा होता. नोआ श्मिट. त्या शेवटच्या ढिगात तो अर्ध्या क्षणाने उशिरा घुसला. मी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, तू दोन इंच आधी हलला असतास तर आपण जिंकलो असतो. तो माझ्याकडे बघत राहिला. गुरांचा डॉक्टर झालाय आता, इथेच असतो. रस्त्यात भेटला की मान हलवतो आणि पुढे जातो. मी कधी काही बोललो नाही."

डेल्मरला वाटलं आपण निघावं. तो गाडीकडे वळला, तसा टिलमनने चारही कड्या मुठीत घेतल्या.

"या मी ठेवू?"

"तुमच्याच आहेत."

"मला एक फोन करायचाय," टिलमन म्हणाला आणि घराकडे चालू लागला. अर्ध्या वाटेवरून ओरडला, "आणि शनिवारी माइकवर बोल सगळं. मी येतोय ऐकायला."

शनिवारी मध्यंतरात डेल्मर मैदानाच्या मधोमध उभा राहिला. साध्या कोटात, केशरी जाकिटाशिवाय, त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. कॉलेजच्या अध्यक्षाबाईंनी त्याचं भरभरून कौतुक केलं आणि माइक त्याच्या हातात दिला. कडेला हार्लन नवी साखळी धरून उभा होता. तो डेल्मरकडे बघत नव्हता.

"ही साखळी तीन इंच आखूड आहे," डेल्मर म्हणाला. आवाज चहूकडच्या भोंग्यांतून घुमून परत आला, तेव्हा त्याचं त्यालाच दचकायला झालं. "बारा वर्षं आहे. मी जोडली, मी मोजली नाही. पंचांनी विचारलं तेव्हा मी ठीक म्हणालो. ती ठीक नव्हती. ज्या दोन इंचांवर आपण जिंकलो ते नव्हतेच. हार्लनचा यात काही दोष नाही, तो मागे होता. एवढंच."

चार हजार माणसं गप्प. चौतीस वर्षांत डेल्मरने त्या बाकड्यांवर अशी शांतता फक्त मोजणीच्या वेळी ऐकली होती. कुठेतरी कोणीतरी "काय म्हणाला?" असं विचारलं आणि त्याला कोणी सांगितलं नाही. बेव्ह हॉलिस्टर पहिल्या रांगेत बसली होती. तिने तोंड फिरवलं. डेल्मरने साखळी अध्यक्षाबाईंच्या हातात दिली आणि चालत बाकड्यांकडे आला. ती वाट त्याला फार लांब वाटली. ग्लेंडा स्टॉल सोडून येऊन बसली होती. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यात एक गरम बीरॉक ठेवला. समोर, संतांच्या बाजूच्या बाकड्यांवर टिलमन बसला होता आणि त्याच्या शेजारी एक धिप्पाड, टक्कल पडलेला तरुण माणूस. दोघं एकाच पिशवीतून शेंगदाणे खात होते. डेल्मरला तेवढ्यानेही जरा बरं वाटलं, पण आपल्या बाजूच्या बाकड्यांकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. आजूबाजूची ओळखीची माणसं मैदानावर नजर लावून बसली होती.

खेळ सुरू झाला. संत चौदा, बगळे दहा. शेवटची काही मिनिटं. बगळ्यांचा चौथा प्रयत्न, एक गज हवा. ढीग. पंच पळत आला, ढिगाकडे बघितलं, पाय रोवला, चेंडू ठेवला. मग त्याने कडेला हात केला.

नवी साखळी आत गेली. पुढच्या दांड्यावर नवा माणूस, मागे हार्लन. साखळी ताणली. पूर्ण दहा गज, कारण त्या दिवशी पंचाने सामन्याआधी स्वतः टेप लावली होती.

दोन इंच कमी.

बाकड्यांवरून एक लांबलचक उसासा निघाला. आणि तो विरायच्या आत पहिल्या रांगेत बेव्ह हॉलिस्टर उभी राहिली. ती मागे वळली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "डेल्मर, ती जुनी साखळी काढ की कपाटातून!"

आधी तिच्या आसपासचे हसले, मग ती रांग, मग सगळी बाकडी. समोर टिलमन गुडघ्यावर थापा मारत होता. मागून कोणीतरी डेल्मरची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली, कोणीतरी पाठीत धपाटा घातला, कोणी म्हणालं, "पॅनकेक आता एक इंच कमी कर, बेव्ह," आणि बेव्ह म्हणाली, "भाव मात्र तोच राहणार." मैदानात हार्लन दांडा धरून सरळ उभा होता, साखळीवाल्याने राहावं तसा, चेहऱ्यावर रेष नाही. फक्त त्याचे खांदे गदगदत होते आणि त्याची साखळी वाजत होती.

डेल्मरने टोपी वर सारली. त्याचे डोळे भरून आले होते आणि घशात कोबी होता. तो उभा राहिला. अंगात केशरी जाकीट नव्हतं, हातात दांडा नव्हता, आणि चौतीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

"साखळी ठीक आहे!" तो पंचाकडे बोट करून गरजला. "चेंडूच चुकीच्या जागी ठेवलायस, आंधळ्या!"